पदवीनंतर टेंपररी ऑफिस जॉब: दिवस जातोय पण पुढे काय?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. या वर्षी पदवी झाली आणि सध्या एका मोठ्या ऑफिसात टेंपररी लागलेय, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, अकाउंट्समधल्या एक मॅडम मॅटर्निटी लीव्हवर गेल्यात त्यांच्या जागी. पगार एजन्सी देते, काम ऑफिसचं. सुरुवातीला खूप उत्साह होता, आता मात्र रोज दुपारनंतर जीव नुसता कंटाळतो.

काम म्हणजे काय तर सप्लायरची बिलं येतात ती सिस्टिममधे भरायची, स्कॅन करून फोल्डरमधे टाकायची, महिन्याच्या शेवटी दोन याद्या जुळवायच्या, अधूनमधून मीटिंग रूम बुक करणं आणि फोन घेणं. सवय झाल्यापासून हे सगळं जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतं. मग पाच वाजेपर्यंत मी काय करायचं? मॅनेजरला सांगू का की काम संपतं म्हणून? भीती वाटते की सांगितलं तर म्हणतील मग हिला ठेवायचीच कशाला.

दुसरं म्हणजे तिथे मला नावच नाहीये. "ते टेंपकडे दे", "टेंपला विचार" असंच चालतं. वाईट कुणीच वागत नाही हे आधीच सांगते, पण टीम मीटिंगला बोलावत नाहीत, ग्रुप मेलमधे मी नसते, काही बदललं की मला दोन दिवसांनी कळतं आणि तोवर मी जुन्या पद्धतीनेच भरत बसलेली असते.

आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त खातंय. संध्याकाळी घरी आल्यावर कायमच्या नोकरीसाठी अर्ज करायचे असतात आणि एकही होत नाही, काही केलेलं नसताना एवढी दमते कशी कळत नाही. रिझ्युमे उघडला तर या नोकरीपुढे "डेटा एन्ट्री" सोडून काय लिहायचं ते सुचत नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढणार का हे विचारलं तर मॅनेजर "बघू" म्हणतात. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

रकाना

अगं आधी एक गोष्ट, "काही केलेलं नसताना" असं म्हणू नकोस. कुणाच्या तरी जागेवर येऊन, अर्धवट हँडओव्हरवर, अकाउंट्सचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकणं हे काहीतरी आहेच. मी अकाउंट्समधेच आहे बरीच वर्षं, त्यामुळे तुझं काम डोळ्यासमोर येतंय म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो, बाकीचं बाकीचे सांगतील.

तू जे भरतेस ते पुढे कुठे जातं हे शोधून काढ. बिल भरलं, मग ते कोण मंजूर करतं, पेमेंट कधी सुटतं, अडलं तर कुठे अडतं. बहुतेक ऑफिसांत तीन कागद जुळावे लागतात, खरेदीची ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल, आणि तिन्ही जुळल्याशिवाय पैसे जात नाहीत. हे तीन कागद कुठे जुळत नाहीत हे रोज सगळ्यात आधी कोण बघतं? जो भरतो तो, म्हणजे तूच. एका महिन्यात कुठला सप्लायर कायम चुकीचा ऑर्डर नंबर टाकतो, कुठल्या डिपार्टमेंटची माल आल्याची नोंद कायम उशिरा होते हे तुला मॅनेजरपेक्षा जास्त माहीत असणार. ते लिहून ठेव, नुसतं डोक्यात ठेवू नकोस.

आता एक्सेल. रिकाम्या दुपारी व्हिडिओ बघून फॉर्म्युले पाठ करण्यापेक्षा तुझ्यासमोरच्या यादीत काय बिघडलंय ते बघ, शिकायला तेवढं पुरेसं आहे. सप्लायर कोडच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल काढून टाकतं, कारण त्याला तो आकडा वाटतो. बँक खात्याचा किंवा कार्डाचा नंबर १५ आकड्यांपेक्षा लांब असेल तर पंधराव्या आकड्यानंतर सगळी शून्यं करतं आणि काही बोलतही नाही, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ आकडे परत मिळत नाहीत. म्हणून पेस्ट करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करायचा, नंतर करून उपयोग नसतो. तारखांचं तर याहून वाईट. ज्या कॉम्प्युटरवर महिना आधी आणि दिवस नंतर असं सेटिंग असतं तिथे १२ तारखेपर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होतात आणि १३ पासूनच्या तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, त्या टेक्स्ट म्हणून राहतात. कॉलमची अलाइनमेंट कुणी बदललेली नसेल तर बघ, खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात आणि टेक्स्ट झालेल्या डावीकडे. एकाच कॉलममधे दोन्ही बाजूंना तारखा दिसल्या की तिथेच थांबायचं, कारण उजवीकडच्यांपैकी काही उलट्या झालेल्या असणारच.

याद्या जुळवताना व्हीलुकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधून देणारा एक्सेलचा फॉर्म्युला) वापरत असशील तर शेवटी फॉल्स लिहायला विसरायचं नाही, नाहीतर ते जवळपासचं काहीतरी उचलून देतं आणि चूकही दाखवत नाही. २०१९ मधे आलेला एक्सलुकअप तुमच्या व्हर्जनमधे असेल तर तोच वापर, तो मुळातच अचूक जुळणी शोधतो. आणि दोन नावं डोळ्याला सेम दिसतात तरी जुळत नाहीत म्हणजे शेवटी स्पेस असते, ती ट्रिम या फॉर्म्युल्याने जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात वेगळ्या जातीची स्पेस असते, ती मात्र ट्रिमला दाद देत नाही, ती शोधून बदलावी लागते.

हे एवढं लांबण लावतोय कारण "डेटा एन्ट्री" या शब्दाला लोक हलकं समजतात ते मला पटत नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे इंग्लंडमधे कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमधून जात होता आणि त्यात एका शीटमधे फक्त ६५,५३६ ओळी मावतात (नव्या फाइलमधे १०,४८,५७६ मावतात). त्या लोकांच्या संपर्कात कोण आलं ते शोधायला उशीर झाला. त्याच वर्षी माणसाच्या जनुकांना (जीन्सना) नावं देणाऱ्या समितीने काही जीन्सची नावंच बदलली, कारण मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं एक्सेल तारीख समजून बदलून टाकायचं. म्हणजे ओळ नीट भरली गेली का हे बघणारं माणूस महत्त्वाचंच असतं.

पाचवा_मजला

रकाना यांच्याशी सहमत, पण पहिल्या प्रश्नावर माझं ऐक. "माझं काम संपतं, अजून काही द्या" असं अजिबात म्हणू नकोस. मी दोन वेगवेगळ्या ऑफिसांत टेंप होतो आणि दोन्हीकडे हेच बघितलं, असं म्हटलेल्या माणसाकडे सगळ्या मजल्याचं स्कॅनिंग येतं. लोक वाईट असतात म्हणून नाही, त्यांना कुणाकडे काय देता येईल याचा विचार करायला वेळ नसतो, मग हातात जे सगळ्यात कंटाळवाणं असतं ते देतात.

त्यापेक्षा काम तू निवड आणि मग विचार. म्हणजे असं की, "सप्लायरच्या यादीत एकच कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने आहे, त्यामुळे बिलं चुकीच्या खात्याला लागतात, दुपारी वेळ असतो तेव्हा ती यादी साफ करू का?" याला मॅनेजर नाही म्हणणं अवघड आहे, आणि हिला ठेवायची कशाला हा प्रश्न तर येतच नाही. डुप्लिकेट सप्लायर म्हणजे एकच बिल दोनदा पेमेंट होण्याची शक्यता, हे अकाउंट्सच्या कुठल्याही मॅनेजरला लगेच कळतं.

दुसरं एक काम जे टेंपलाच सगळ्यात चांगलं जमतं ते म्हणजे हँडओव्हरची फाइल. तू आलीस तेव्हा काय काय कळलं नाही ते तुला अजून आठवतंय, तिथे पाच-पाच वर्षं बसलेल्यांना ते आठवणार नाही. काम कसं होतं ते एकेक पायरी लिहून काढ, स्क्रीनशॉटसकट. त्या मॅडम परत येतील तेव्हा मधल्या काळात काय बदललं हे त्यांना एका जागी मिळेल. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने टाक, नावाप्रमाणे लावल्या की आपोआप तारखेप्रमाणे लागतात. तारीख अशी लिहायचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ८६०१, १९८८ पासूनचं.

नावाचं म्हणशील तर ईमेलखाली स्वतःची सही टाक. पूर्ण नाव, डिपार्टमेंट, आणि "अमुक यांच्या रजेच्या काळात बिलांसंबंधी संपर्क" एवढी एक ओळ. फोन उचलतानाही नाव सांगायचं. आणि मीटिंगला बोलवा असं म्हणण्यापेक्षा "बिलांच्या प्रोसेसमधे बदल झाला की त्या मेलमधे मलाही ठेवाल का, नाहीतर मी जुन्या पद्धतीने भरत राहते" असं लिही. तुला ठेवलं नाही तर कामाचं नुकसान होतंय हे त्यात येतं.

करारपत्र

मी एजन्सीच्या बाजूने काम करते, म्हणजे तुझ्यासारख्या मुलामुलींना ऑफिसांत लावून देण्याचं. वरच्या दोघांनी कामाचं सांगितलं, मी कागदांचं सांगते कारण तिथेच लोक अडकतात, आणि अडकल्याचं कळतं पुढची नोकरी लागताना.

कागदावर तुझी नोकरी एजन्सीकडे आहे, ऑफिसकडे नाही. त्यामुळे एक्सपिरियन्स लेटर, पगाराच्या स्लिपा, काम केल्याच्या तारखा हे सगळं एजन्सी देणार. रिझ्युमेवर फक्त त्या मोठ्या ऑफिसचं नाव टाकलंस आणि पुढच्या कंपनीने पडताळणीसाठी तिथे फोन केला तर तिथला एचआर म्हणेल असं कुणी आमच्याकडे नव्हतं, आणि त्याच्या रेकॉर्डप्रमाणे ते खरंच असेल. यात फार चांगली मुलं विनाकारण खोटी ठरलेली मी बघितलीत. म्हणून दोन्ही नावं लिही, "अमुक एजन्सीमार्फत, तमुक ऑफिसात". पगाराच्या स्लिपा दर महिन्याला डाउनलोड करून स्वतःकडे ठेव, कॉन्ट्रॅक्ट संपलं की एजन्सीचं पोर्टल बरेचदा बंद होतं. पण ऑफिसच्या फाइल्स, याद्या, सप्लायरची माहिती हे स्वतःच्या मेलवर एक ओळसुद्धा पाठवायची नाही, नमुना म्हणूनही नाही.

मॅनेजर "बघू" का म्हणतो ते सांगते. टेंपचे पैसे बहुतेक ठिकाणी पगाराच्या बजेटमधून जात नाहीत, वेगळ्या खर्चातून जातात. कायमची जागा काढायची तर हेडकाउंट (किती कायमची माणसं ठेवायची तो आकडा) मंजूर व्हावा लागतो आणि ते त्याच्या हातात नसतं. शिवाय ऑफिसने टेंपला थेट घेतलं तर एजन्सीला फी द्यावी लागेल असं कलम बऱ्याच करारांत असतं. त्यामुळे तो टाळतोय असं लगेच धरू नकोस, बिचाऱ्यालाही माहीत नसेल. पण तू वाट बघत बसायचं नाही. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या महिनाभर आधी त्याला आणि एजन्सीला, दोघांना एकच मेल कर, "माझी शेवटची तारीख ही आहे, वाढणार असल्यास या तारखेपर्यंत कळवावं, म्हणजे मला पुढचं ठरवता येईल." तोंडी "हो गं, वाढेल" याच्यावर दुसरीकडचं काही नाकारायचं नाही, लेखी येईपर्यंत शोध चालू ठेवायचा.

आणि एजन्सीने तुझ्याकडून कधी पैसे मागितलेत का, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग कशाच्याही नावाखाली? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खासगी एजन्सींबद्दलचा १९९७ चा करार आहे, क्रमांक १८१, त्यात मूळ नियम हाच की एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने फी घ्यायची नाही. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही आणि काही अपवादही ठेवता येतात, पण आमचे पैसे ऑफिसकडून येतात, तुमच्याकडून यायला नकोत, एवढं लक्षात ठेव.

एक विचारते, तुझा स्वतःचा लॉगिन आहे ना?

खिडकीजवळची

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. पैसे वगैरे काही मागितले नाहीत. लॉगिनचं मात्र... बिलांच्या सिस्टिमला मी त्या मॅडमचाच लॉगिन वापरतेय, पहिल्या दिवशी मला पासवर्ड कागदावर लिहून दिला होता आणि नवीन मिळायला वेळ लागतो म्हणाले. तेव्हापासून तेच चालू आहे. हे चुकीचं आहे का?

करारपत्र

हो, आणि हे आजच बदलायचं, बाकी सगळं नंतर. त्या सिस्टिममधे प्रत्येक नोंदीपुढे कोणी केली ते साठतं. तू भरलेलं सगळं त्यांच्या नावावर जातंय आणि त्या तर रजेवर आहेत. उद्या ऑडिटला कुणी विचारलं की रजेवरच्या माणसाने बिलं कशी भरली, तर त्याही अडचणीत आणि तूही. त्यांच्या लॉगिनला बिल मंजूर करायचेही अधिकार असतील तर अजून गंभीर, कारण भरणारा आणि मंजूर करणारा वेगळाच असावा लागतो. तुझी यात चूक नाही, तुला तसं दिलं गेलं. आयटीला लेखी रिक्वेस्ट टाक, मॅनेजरला कॉपीत ठेव, आणि कुठल्या तारखेपासून तुला तो लॉगिन वापरायला दिला होता ते त्यात सरळ शब्दांत लिही. चिडून नाही, नुसती माहिती म्हणून.

सध्या_टेंपच

+१ लॉगिनला. मी पण सध्या टेंपच आहे, दुसऱ्याच प्रकारच्या ऑफिसात, आणि तुझा तिसरा प्रश्न वाचून अगदी माझंच कुणीतरी लिहिलंय असं झालं.

संध्याकाळच्या दमण्याबद्दल मला असं वाटतं की दिवसभर आपलं इथे बसू का, हे उघडू का, हे कुणाला विचारलं तर चालेल असं आतल्या आत चाललेलं असतं, कायमच्या लोकांना हे एकदाच कळलेलं असतं आणि आपण ते रोज नव्याने करतो, त्याने माणूस कामापेक्षा जास्त दमतो. वर दुपारभर काम नसताना काम असल्यासारखं बसायचं, तेही थकवणारंच. त्यामुळे स्वतःला आळशी म्हणायचं बंद कर आधी.

मी जे केलं ते सांगते, तुला जमेल तेवढं घे. शोधणं आणि भरणं वेगळं केलं. आठवड्यात संध्याकाळी फक्त जाहिराती बघून आवडलेल्या सेव्ह करायच्या, तेवढंच, त्याला डोकं लागत नाही. अर्ज भरायचे ते सुट्टीच्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना. आणि एक मोठी फाइल करून ठेवली ज्यात सगळ्या तारखा, मार्क, पत्ते, प्रोजेक्टबद्दलच्या दोन-चार ओळी आहेत, कारण प्रत्येक साइटवर तेच तेच परत टाइप करण्यातच जीव जातो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मात्र अर्ज करू नकोस, दुपार कितीही रिकामी असली तरी, तिथे काय उघडतोय ते बघता येतं त्यांना. इंटरव्ह्यूचा फोन आला तर सरळ सांगायचं की जेवणाच्या सुट्टीत बोलते, कुणी रागवत नाही.

आणि जेवायला एकटी बसू नकोस गं. मीही सुरुवातीला मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायचे. मग रिसेप्शनवरच्या ताईंबरोबर बसायला लागले आणि ऑफिसात काय चाललंय ते मला मेल न येताही कळायला लागलं. त्याहीपेक्षा, कुणीतरी नावाने हाक मारायला लागलं. हे मला फार लागायचं, तुला लागतंय ते अगदी कळतं.

खिडकीजवळची

अपडेट देते. आयटीला मेल टाकला, दोन दिवसांत स्वतःचा लॉगिन मिळाला, मॅनेजर उलट म्हणाले बरं झालं सांगितलंस. मग तसंच धीर करून सप्लायरच्या यादीचं विचारलं, अगदी पाचवा_मजला यांनी लिहिलं तसं, तर हो म्हणाले, फक्त मूळ यादीला हात न लावता आधी कॉपीवर करून दाखव म्हणाले. बिलांच्या मेलमधेही आता मी आहे! आणि एक खरं सांगते, याद्यांमधे डावीकडे चिकटलेल्या तारखा सापडल्या, बऱ्याच आहेत.

आता एवढंच राहिलं, रिझ्युमेत हे लिहायचं कसं? आणि कॉपीवर काम करताना काय काळजी घेऊ?

रकाना

वा, छान. कॉपीवर करताना कुठलीही ओळ डिलीट करू नकोस. शेजारी एक कॉलम घाल आणि त्यात लिही की ही ओळ कुठल्या कोडमधे विलीन करावी आणि का, म्हणजे नाव सेम, टॅक्स नंबर सेम की बँक खातं सेम. नुसतं नाव सेम असलं तर विलीन करू नकोस, एकाच नावाच्या दोन वेगळ्या कंपन्या असतात. टॅक्स नंबर जुळला तर बहुतेक एकच. आणि नावं वेगळी पण बँक खातं एकच असं दिसलं तर ते स्वतः ठरवायचं नाही, सरळ मॅनेजरकडे न्यायचं, ते नुसतं स्पेलिंगचं प्रकरण नसू शकतं. डावीकडच्या तारखांचंही तसंच, अंदाजाने दुरुस्त करू नकोस, मूळ बिलाचा स्कॅन उघडून बघ. तो तूच फोल्डरमधे टाकलेला आहे. आणि त्याच कॉलममधल्या उजवीकडच्याही बघ, १२ तारखेपर्यंतच्या.

रिझ्युमेत पहिल्या ओळीत एजन्सी, ऑफिस, डिपार्टमेंट, महिने, करारपत्र यांनी सांगितलं तसं. मग असं काहीतरी: "रजेवरील कर्मचाऱ्याच्या जागी सप्लायर बिलांची नोंद, ऑर्डर आणि माल-नोंदीशी जुळणी. सप्लायर यादीतील दुहेरी नोंदी शोधून विलीनीकरणाचा प्रस्ताव तयार केला. बिल नोंदणीची पायरीवार मार्गदर्शिका लिहिली." प्रत्येक वाक्यात तू काय केलंस ते आलं पाहिजे, "मदत केली", "सहभाग होता" असलं नको. जिथे आकडा देता येईल तिथे दे, यादीत एकूण किती नोंदी होत्या, त्यात दुहेरी किती निघाल्या. सप्लायरची नावं कुठेही नकोत.

एकूण नोंदींचा आकडा मात्र आजच लिहून ठेव, कारण मूळ यादीत विलीनीकरण झालं की आधी किती होत्या ते तुला नंतर कुणी सांगणार नाही.